खड्याच्या गौरी

आंबेकोंड, ता. संगमेश्वर
१४ जुलै २०२५

चि. अशोक यास,
अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू काय बोललास ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तुझ्या दादांना विचारलं, तर म्हणाले, "बरं आहे म्हणतो." गेली तीस वर्षं ते हेच सांगतात. म्हणून लिहिते. तूही लिहूनच कळव.

गोष्ट अशी, की माझे गुडघे यंदा मला पऱ्ह्याच्या पाण्यात उतरू देणार नाहीत. डॉक्टरांनी उतार आणि पायऱ्या दोन्ही बंद केल्यात. पंचेचाळीस वर्षं मी आपल्या गौरी आणल्या. तोंडात पाण्याची चूळ धरायची, वाहत्या पाण्यातले पाच खडे उचलून तांब्यात घालायचे, मागे न बघता मुक्यानं घरी यायचं. तिसऱ्या दिवशी खडे जिथले तिथे. आपल्या गौरींसाठी कधी काही विकत आणलं नाही आणि नंतर कधी काही टाकूनही दिलं नाही.

यंदापासून गौरी तुझ्या घरी बसव. विनयानं आणल्या तरी चालतील, पण माझ्या मनात तुझी लेक मैत्रेयी आहे. कुमारिकेनं आणलेल्या चालतात. ती कधी गौरीला इथे आली नाही, शाळेला सुटी नसायची. आता पंचवीस वर्षांची झाली, तिच्या हातून होऊ दे. तिला विचारून कळव.

वहिनी

---

फरीदाबाद
२४ जुलै २०२५

ती. सौ. विजयावहिनींस,
साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. गौरी इथे बसवायच्या हे मी माझं भाग्य समजतो.

अडचण खड्यांची आहे. इथून यमुना जवळ, पण पावसाळ्याआधी तिच्यावर साबणासारखा फेस तरंगत असतो. आमच्या बाजूचा कालवा काळा. डोंगर आहे, पण त्याचे दगड खाणीत यंत्रानं फोडलेले, धारदार. पाण्यानं गोल केलेला खडा या शहरात मिळतो तो रोपवाटिकेत, पिशवीत भरलेला, पांढरा पॉलिश केलेला. तो चालेल का?

गणपतीचं आमचं ठरलेलं आहे. शाडूची मूर्ती, मखराला थर्माकोल नाही, विसर्जन गच्चीत टबात. माती विरघळली की कुंड्यांत घालतो. नदीत सोडायला इथे बंदीच आहे. सोसायटीनं यंदा पर्यावरणपूरक सजावटीची स्पर्धा ठेवली आहे आणि तिचा फलक मात्र प्लास्टिकचा लावला आहे. विनया म्हणते, तुमच्या वहिनींना परीक्षक म्हणून बोलवा.

मैत्रेयी पुढच्या परीक्षेच्या तयारीत आहे. दार लावून अभ्यास करते. तिला वेळ होईल असं वाटत नाही. विनयाच आणेल.

आपला,
अशोक

---

आंबेकोंड
२ ऑगस्ट २०२५

चि. अशोक यास,
आशीर्वाद. पिशवीतले खडे आणायचे नाहीत. इथून मी पाठवणार नाही. पाठवले तर ते पार्सल झालं, गौर नव्हे. जिथे राहतो तिथल्या पाण्यातून आणायच्या. तिथलं पाणी घाण असेल तर तेही तुमचंच. वरच्या अंगाला कुठे तरी स्वच्छ असेल, शोध.

आता दुसरं. तू चार वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले. खोटं बोलताना तू लांब लांब वाक्यं बोलायचास आणि शेवटी एक आखूड. पत्रातही तसंच करतोस. नदी झाली, कालवा झाला, डोंगर झाला, आणि लेकीबद्दल "दार लावून अभ्यास करते." तिचा एक शब्दही पत्रात नाही. ती "काकूंना नमस्कार सांगा" म्हणाली नाही? दर वेळी म्हणते.

काय झालंय?

सोबत तिच्या नावाची वेगळी चिठ्ठी आहे. ती तिला दे.

वहिनी

(चिठ्ठी)
चि. मैत्रेयी, आपल्या गौरी खड्याच्या. यंदा त्या तू आणायच्यास. एकटीनं जायचं. येताना कुणाशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. दारात आलीस की थांबायचं. घरातलं कुणी तरी विचारेल, "गौर आली, कशाच्या पावली?" तू म्हणायचंस, "सोन्यारुप्याच्या पावली." मग तोंड उघडायला मोकळी. काकू.

---

फरीदाबाद
१२ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस,
सा. न. तुमच्यापासून लपवायला नको होतं.

जूनमध्ये तिच्या स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला. तिचा हा तिसरा प्रयत्न होता, आणि या वेळी ती पहिल्याच पायरीवर राहिली. दिल्लीतली खोली सोडून ती तेरा जूनला घरी आली. मेट्रो स्टेशनवर मी घ्यायला गेलो होतो. दोन बॅगा होत्या, दोन्ही पुस्तकांच्या. कपडे तिकडेच कुणाला तरी देऊन आली होती. जिन्यात मी एकच वाक्य बोललो, "आता पुढे काय?" रागानं नाही बोललो, वहिनी. मला खरोखर विचारायचं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. त्यानंतर ती आमच्याशी बोललेली नाही. आज साठ दिवस झाले.

हाक मारली तर बघते. आम्ही झोपल्यावर जेवते, ताट धुऊन ठेवते, त्यावरून कळतं. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आजार आहे, हट्ट नव्हे, औषधाला वेळ लागेल. गोळी विनयाच्या हातून घेते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एकटं सोडू नका. घरी आल्यावर आम्ही तिच्या खोलीची आतली कडी काढली. छताचा पंखा उतरवला, दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितलं. तिनं छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. मला त्या दिवशी माझ्याच घरात चोर असल्यासारखं वाटलं.

मी रात्रपाळी सोडली आहे. विनया सकाळी घरी, मी दुपारी. सकाळी अथर्वशीर्षाला बसतो. गावच्या शाळेत गुरुजींनी पाठ करून घेतलेलं, झोपेतही म्हणता येत होतं. आता मध्येच थांबतो, तिच्या खोलीतून काही आवाज येतोय का ते ऐकतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. गेल्या कित्येक दिवसांत एकदाही पूर्ण झालेलं नाही. देवाकडे मागायला बसतो आणि त्याच्याकडे पाठ करून दाराकडे बघतो.

तुमची चिठ्ठी मी वाचली. उघडीच होती. ती मी तिला दिलेली नाही. साठ दिवस मुकी असलेल्या पोरीला 'बोलायचं नाही' असं लिहिलेला कागद कसा देऊ? आणि 'एकटीनं जायचं'? पाण्यावर?

रागावू नका. मला काही सुचत नाही.

अशोक

---

आंबेकोंड
२० ऑगस्ट २०२५

चि. अशोक यास,
पत्र तुझ्या दादांना वाचून दाखवलं. ते उठून गोठ्यात गेले. गोठ्यात आता गुरं नाहीत, तरी गेले.

चिठ्ठी दे. तुम्ही दोघं तिच्याकडून काही मागत नाही, जेवणसुद्धा मागत नाही. सगळं काढून घेतलंत, कडी काढलीत, पंखा काढलात. काढायला हवं होतं, मी नाही म्हणत नाही. पण घरातलं एखादं काम तरी तिच्या नावावर असू दे. नको असेल तर ती फाडून टाकेल. एकटं सोडायची भीती वाटत असेल, तर मागून लांब अंतरावरून जा. तिनं वळून बघायचं नसतंच.

वहिनी

---

३१ ऑगस्ट, दुपार

वहिनी,
पोलीस चौकीच्या बाकावर बसून लिहितो आहे. हातात काही तरी हवं म्हणून लिहितो.

गणपतीच्या दिवशी चिठ्ठी तिच्या दाराखालून सरकवली. चार दिवस काही झालं नाही. आज आवाहन. मी आरतीचं ताट घासत होतो, विनया खाली फुलं आणायला गेली होती. दहा मिनिटं, जास्त नाही. खोलीत गेलो तर कुणी नाही. फोन टेबलावर. चिठ्ठीही नाही.

यमुना चढली आहे. सकाळपासून टीव्हीवर तेच. काठावरच्या वस्त्या हलवताहेत. मी रिक्षा करून बंधाऱ्यापर्यंत गेलो. चिखलातून जेवढं जाता आलं तेवढं गेलो. पाणी तपकिरी आहे आणि त्याला आवाज नाही. एवढं पाणी आणि आवाज नाही. तिथल्या माणसाला विचारलं, एक लड़की देखी क्या, तर तो म्हणाला, "बाबूजी, यहाँ आज कोई नहीं आया. पर घाट तो बहुत हैं."

इथला हवालदार चांगला आहे. पाणी दिलं. नाव, उंची, कपडे विचारले. मग, "बोलती है?"
मी म्हणालो, "नहीं."
"गूँगी लिखूँ?"
मी म्हणालो, "नहीं, नहीं. बोलती है. बोलती थी."
त्यानं ती जागा कोरी सोडली.

वहिनी, तुम्ही तिला खडे आणायला पाठवलंत. पंचेचाळीस वर्षं तुमच्या पऱ्ह्यात घोट्याएवढं पाणी होतं. इथे काय आहे ते मी लिहिलं होतं. एकटीनं जायचं, मागे बघायचं नाही. असं कुणी लिहितं का? आणि मीच ते हातानं दाराखालून सरकवलं. देवाचं नाव पुढे करून मीच तिला

---

फरीदाबाद
५ सप्टेंबर २०२५

प्रिय काकू,
नमस्कार. मी मैत्रेयी. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, समजून घ्या. परीक्षेत दोनशे शब्दांत उत्तर लिहायची आदत आहे, हे मोठं होईल.

सोबतचा कागद बाबांच्या शर्टच्या खिशात मिळाला, धुवायला टाकताना. त्यांनी तो पाठवला नसता. तुम्हाला वाईट वाटेल, पण तुम्हाला माहीत असायला हवं असं मला वाटलं. मी घरी आहे. आधी हेच लिहायला हवं होतं.

त्या दिवशी मी निघाले ते गौरी आणायला नाही. हे मी आई-बाबांना सांगितलेलं नाही. सांगायचं का, ते तुम्ही ठरवा. टीव्हीवर पाणी बघितलं होतं. मला तिकडे जायचं होतं. फोन मुद्दाम ठेवला. स्टेशनवर मेट्रो कार्ड काढायला खिशात हात घातला तर तुमची चिठ्ठी हातात आली. चार दिवस ती खिशातच होती. तिथे उभी राहून परत वाचली. "आपल्या गौरी खड्याच्या."

काकू, हिंदीत खड़े म्हणजे उभे. मला बिल्कुल शंका आली नाही. मी कॉलनीत मराठी लोकांकडे बघितल्या आहेत गौरी, साडी नेसवलेल्या, उभ्या. मला वाटलं आपल्याकडेही तशाच. मग लक्षात आलं, घरात तर काहीच नाही. मुखवटे नाहीत, स्टँड नाही. आईला सुचलेलंही नसेल. आज संध्याकाळपर्यंत कुणी तरी त्यांना उभं करायला हवं, आणि चिठ्ठीत माझं नाव आहे. मी विचार केला, चलो, आधी हे करून टाकू. मग जाऊ.

म्हणून उलट्या बाजूची मेट्रो पकडली आणि सरोजिनी नगरला गेले. कॉलेजमध्ये असताना कपडे तिथूनच घ्यायचो. एका दुकानाबाहेर जुन्या डमी ढिगात टाकल्या होत्या, कपडे अडकवायच्या, बिना मुंडीच्या. एकीचा खांदा तुटलेला. मी बोटानं दाखवलं, ह्या दोन. बोलायचं नव्हतं ना. दुकानदार जोरजोरात बोलायला लागला, जसं काही मी बहिरी आहे. तुमच्याशी बोलतात तसं. "ये टूटी हैं, टूटी. कबाड़ी के लिए हैं." मी मान हलवली, चालतील. तो म्हणाला, "ले जा बेटा, मेरा दरवाज़ा ख़ाली होगा." आणि दोरीनं बांधून दिल्या.

मेट्रोत सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. "मैडम, ये क्या है?" मी गप्प. मागची एक आंटी म्हणाली, "डमी है भैया, मशीन में डाल दो, साँस थोड़े लेती है." दोन्ही त्या मशीनमधून गेल्या. डब्यात सगळे बघत होते. एका लहान मुलीनं विचारलं, "इनका सिर कहाँ है?" तिची आई म्हणाली, "घर भूल आईं." मला हसू आलं. तोंड दाबून हसले, कारण हसणं बोलण्यात येतं की नाही ते चिठ्ठीत नव्हतं.

दारात आले तेव्हा बाबा चौकीतून परत आले होते. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून ओरडले, "कुठे होतीस? फोन का नाही नेलास?" मी दोन काखांत दोन डमी घेऊन उभी. ते विचारत राहिले, मी उत्तर देऊ शकत नव्हते, कारण तो प्रश्न तुमचा नव्हता. त्यांनी भिंतीला हात टेकला. मला वाटलं, आता पडतील. मग आतून आई आली. तिनं डमीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ती रडत होती, पण तिला आठवलं. म्हणाली, "गौर आली, कशाच्या पावली?"

मी म्हणाले, "सोन्यारुप्याच्या पावली." माझा आवाज विचित्र झाला होता, गंजल्यासारखा.

बाबा तिथेच खाली बसले.

आम्ही त्यांना आईच्या साड्या नेसवल्या. डोक्याच्या जागी नारळ ठेवले. सोसायटीच्या स्पर्धेचे लोक फोटो काढून गेले, "वाह, बेस्ट आउट ऑफ वेस्ट." पूजेच्या दिवशी बाबांनी न थांबता पूर्ण अथर्वशीर्ष म्हटलं. गणपती टबात विरघळला. मग मी विचारलं, ह्यांचं काय? तेव्हा बाबा म्हणाले, खड्याच्या म्हणजे दगडांच्या. पाण्यातून आणायच्या.

काकू, म्हणजे मला मराठी नीट येत असतं तर मी पाण्यावरच गेले असते.

हे मी तेव्हापासून विचार करते आहे. रात्री उठून त्या दोघींकडे बघते. त्या माझ्या खोलीत आहेत, प्लास्टिकच्या आहेत, पाण्यात सोडता येत नाहीत. मी चुकीच्या आणल्या का? परत जायला हव्यात का कुठे तरी?

मी बरी झाले असं समजू नका. आई-बाबांना तसं वाटतंय, ते हळू आवाजात खूश असतात. मला अजून तसंच वाटतं. रोज नाही. पण वाटतं.

तुमची,
मैत्रेयी

---

आंबेकोंड
१४ सप्टेंबर २०२५

चि. मैत्रेयी हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्या काकांना वाचून दाखवलं नाही, त्यांच्या हातात दिलं.

आधी हे ऐक. सांगायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. तू सांगायचंस. आईला, बाबाला आणि डॉक्टरांना, जसं मला लिहिलंस तसंच. जमत नसेल तर हे माझं पत्र आणि तुझ्या पत्रातलं ते पान त्यांच्यापुढे ठेव. ते पान मी परत पाठवते आहे. ही पोटात ठेवायची गोष्ट नव्हे. बाबा खाली बसेल. बसू दे. उठेल.

तुझ्या बाबांनी मला जे लिहिलं ते खरं आहे. मी तुला पाण्यावर पाठवत होते. मला माझा पऱ्ह्या माहीत, तुझं काही माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं समजून मी लिहिलं. त्या कागदाबद्दल त्याला काही म्हणू नकोस. मी तो देवघरात ठेवला आहे.

खडे म्हणजे दगडच. बाबा बरोबर सांगतो. तुझ्या गौरी चुकीच्या आल्या. पण आल्या, त्यांना तू आणलंस, त्यांनी तुला आणलं. माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या बरोबर गौरींनी असं काही केल्याचं मला माहीत नाही.

त्यांना कुठे पाठवायचं नाही. माझ्या गौरी पाण्यातून यायच्या, पाण्यात जायच्या. तुझ्या पाण्यातून आल्याच नाहीत, तर पाण्यात कशाला जातील? प्लास्टिक नदीत टाकू नये एवढं मला खेड्यात राहूनही कळतं. विसर्जन नसलेल्या गौरी असतात असं मी कधी ऐकलं नव्हतं. आता आहेत. पुढच्या वर्षी त्याच उभ्या कर. खडे नकोत.

तुला बरं वाटत नाही हे लिहिलंस, ते बरं केलंस. मला फोनवर ऐकू येत नाही आणि इतक्या लांबून तुझं तोंड दिसत नाही. म्हणून एक मागणं. रोज एक पोस्टकार्ड टाक. मोठं लिहायचं नाही. कशी आहेस तेही नको. एकच शब्द लिही, "आहे." पोस्टमन येईपर्यंत मी ओटीवर बसते.

तुझी,
काकू

---

(पोस्टकार्ड, २० सप्टेंबर)
आहे.
मैत्रेयी

(पोस्टकार्ड, २१ सप्टेंबर)
आहे. काल सांगितलं. दोघांना. डॉक्टरांकडे उद्या.

(पोस्टकार्ड, २२ सप्टेंबर)
आहे. हे लिहायलाच उठले.

(पोस्टकार्ड, २७ सप्टेंबर)
काकू, चार दिवस लिहिलं नाही. ते दिवस लिहिण्यासारखे नव्हते. तुम्ही ओटीवर बसला असाल.
आहे.